पेनल्टी नावाचा बार

आयर्लंडमध्ये नव्यानं आलेल्या माणसाला दोन गोष्टी पहिल्या वर्षातच कळतात. एक म्हणजे सकाळी ऊन दिसलं तरी छत्री घेऊनच बाहेर पडायचं. आणि दुसरी, २५ जून १९९० या दिवसाबद्दल कोणी बोलायला लागलं की कामं बाजूला ठेवून ऐकायचं. आपल्याकडे १९८३ चं जे स्थान आहे ना, अगदी तेच. फरक एवढाच की आपण त्या वर्षी विश्वचषक जिंकला होता. आयरिश लोक जो दिवस साजरा करतात त्या दिवशी त्यांना काहीही मिळालं नव्हतं. उपांत्यपूर्व फेरीत प्रवेश मिळाला, बस्स. तिथे पाचच दिवसांनी ते हरले.

मी २००४ साली इथे आलो. कॉर्क शहराबाहेरच्या एका औषधांच्या कारखान्यात ऑटोमेशन इंजिनियर म्हणून. दरवर्षी जूनअखेर कँटीनमधल्या टीव्हीवर ती जुनी चित्रफीत कधी ना कधी लागायचीच. हिरव्या शर्टातला नाही, तर पिवळ्या शर्टातला एक पोरगेला खेळाडू धावत येतो, चेंडू मारतो, आयरिश गोलकीपर पॅकी बॉनर आपल्या उजवीकडे झेपावून तो अडवतो आणि लगेच उठून लहान मुलासारखा उड्या मारायला लागतो. मग कँटीनमध्ये टाळ्या, आणि प्रत्येकाची आपापली कथा. कोणी तेव्हा शाळेत होतं, कोणी लंडनला बांधकामावर मजूर होतं, कोणाची आई स्वयंपाकघरात जपमाळ घेऊन बसली होती. मीही हसायचो, टाळ्या वाजवायचो. पाहुण्यानं घरच्यांच्या आनंदात सामील व्हावं, तसं.

एका वर्षी आमच्या टेबलावर मेंटेनन्स विभागातला एक रोमानियन तंत्रज्ञ बसला होता. आयर्लंडमध्ये आता रोमानियन लोक पुष्कळ आहेत, २०२२ च्या जनगणनेत त्यांचा आकडा चाळीस हजारांच्या वर गेला. हा त्यांतला जुना. अबोल माणूस. चित्रफीत लागली, कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "सॉरी हं, पण काय करणार!" तोही हसला. टाळ्या संपल्यावर मला हळूच म्हणाला, "त्याला नाव आहे. डॅनिएल टिमोफ्ते. आमच्या गावच्या संघात खेळायचा तो."

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. इतकी वर्षं ती चित्रफीत पाहत होतो, पण त्या पोराचं नाव कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. घरी येऊन वाचायला बसलो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

आधी त्या दिवसाचा आयर्लंड समजून घ्यायला हवा, नाहीतर एवढा गहजब कशासाठी ते कळणार नाही.

१९९० मध्ये या देशाची लोकसंख्या जेमतेम पस्तीस लाख. म्हणजे आपल्या पुण्याहून थोडी जास्त. ऐंशीचं दशक इथे फार वाईट गेलं होतं. नोकऱ्या नव्हत्या. १९८९ च्या सुमारास वर्षाला चाळीस हजारांवर माणसं देश सोडत होती. कोकणातल्या एखाद्या गावात जसे फक्त म्हातारे आणि चाकरमान्यांच्या मनिऑर्डरी उरतात, तशी इथल्या पश्चिम किनाऱ्याची अवस्था. आणि अशा वेळी आयर्लंडचा फुटबॉल संघ इतिहासात प्रथमच विश्वचषकाला पोहोचला होता. प्रशिक्षक कोण? तर जॅक चार्लटन, म्हणजे १९६६ चा विश्वविजेता इंग्रज! ज्या इंग्रजांशी आठशे वर्षांचं वैर, त्यांच्यातलाच एक माणूस आणून आयरिश लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

संघाचा प्रवासही मजेशीर होता. गटातले तिन्ही सामने बरोबरीत. इंग्लंडशी १-१, इजिप्तशी ०-०, हॉलंडशी १-१. हॉलंडचा आणि आयर्लंडचा हिशोब इतका तंतोतंत सारखा निघाला की दुसरा कोण आणि तिसरा कोण हे ठरवायला चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. चिठ्ठीनं आयर्लंडला दुसरा क्रमांक दिला, म्हणून गाठ पडली रोमानियाशी. हॉलंडच्या नशिबी पश्चिम जर्मनी आली आणि त्यांनी गाशा गुंडाळला. म्हणजे या गोष्टीची सुरुवातच मुळी एका चिठ्ठीतून झाली आहे.

२५ जून, सोमवार. इटलीतलं जिनोआ. इथल्या घड्याळात दुपारचे चार. त्याच दिवशी डब्लिन कॅसलमध्ये युरोपियन समुदायाच्या राष्ट्रप्रमुखांची शिखर परिषद भरली होती, पण देशाचं लक्ष कुठे होतं ते सांगायला नको. नव्वद मिनिटं ०-०. जादा वेळेची तीस मिनिटं ०-०. मग पेनल्टी शूटआउट.

इथे जरा थांबून एक गंमत सांगतो. पेनल्टी ही चीजच मुळात आयर्लंडमध्ये जन्मली! आर्मा परगण्यात मिलफर्ड नावाचं लिननच्या गिरणीचं गाव आहे, आता ते उत्तर आयर्लंडमध्ये येतं. तिथल्या गिरणीमालकाचा मुलगा विल्यम मॅक्रम गावच्या संघाचा गोलकीपर होता. संघ असा की १८९०-९१ च्या आयरिश लीगमध्ये चौदाच्या चौदा सामने हरला. त्या काळी गोल होऊ घातला की बचाव करणारे सरळ पाय घालून माणूस पाडायचे, आणि शिक्षा काही विशेष नव्हती. मॅक्रमनं सुचवलं की अशा वेळी गोलकीपर आणि मारणारा, दोघांनाच समोरासमोर सोडा. इंग्लंडात या ठरावाची 'आयरिश माणसाचा ठराव' म्हणून टिंगल झाली. सभ्य माणूस मुद्दाम पाय घालतो असं नियमात लिहायचंच कसं, हा त्यांचा प्रश्न. पण २ जून १८९१ रोजी नियम मंजूर झाला. गोलकीपरांच्या पोटात गोळा आणणारा नियम एका गोलकीपरनंच लिहिला!

सामना बरोबरीत सुटला तर पेनल्ट्यांवर निकाल लावायचा, ही पद्धत मात्र बरीच नंतरची, १९७० ची. त्याआधी नाणं उडवायचे. १९६८ च्या युरोपियन स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांच्या उपांत्य सामन्याचा निकाल नाण्यावर लागला होता. नाणेफेक अन्यायाची वाटली म्हणून शूटआउट आलं. पण मला वाटतं, नाण्याचा एक फायदा होता. नाण्यावर हरलं तर दोष नाण्याला देता यायचा. शूटआउटमध्ये दोषासाठी एक माणूस लागतो.

तर जिनोआ. रोमानियानं आधी मारायचं ठरलं. हाजी, लुपू, रोटारिउ, लुपेस्कू, चौघांचेही गोल. आयर्लंडकडून शीडी, हॉटन, टाउनसेंड, कॅस्करिनो, चौघांचेही गोल. ४-४. पाचवा आला टिमोफ्ते. वय बावीस. सामन्याची सुरुवात त्यानं राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून केली होती, मैदानात उतरला तो जादा वेळेत. अकरा मीटरवर चेंडू, आणि अर्ध्या सेकंदाच्या आत निकाल. बॉनर उजवीकडे गेला आणि चेंडूही नेमका तिथेच आला.

मग आयर्लंडचा पाचवा, डेव्हिड ओ'लिअरी. टीव्हीवर जॉर्ज हॅमिल्टन म्हणाला की सारं राष्ट्र श्वास रोखून आहे, ते वाक्य इथे आजही म्हणीसारखं वापरतात. गोल. ५-४. गल्लोगल्ली लोक रस्त्यावर आले. तीस तारखेला रोममध्ये स्किलाचीच्या एका गोलनं इटलीनं त्यांना हरवलं, तरी १ जुलैला डब्लिनमध्ये त्यांचं स्वागत विजेत्यांसारखं झालं. योगायोग असा की त्याच दिवशी नेल्सन मंडेलाही डब्लिनला आले होते.

मला या कथेतली सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र इथले लोक फारशी सांगत नाहीत. ते पाचही पेनल्टी मारणारे आयर्लंडबाहेर जन्मलेले! शीडी वेल्समध्ये, हॉटन ग्लासगोत, टाउनसेंड आणि कॅस्करिनो इंग्लंडातल्या केंटमध्ये, आणि डब्लिनमध्ये वाढलेला ओ'लिअरीसुद्धा जन्मला लंडनला. पोट भरायला देश सोडून गेलेल्यांची ही मुलं आणि नातवंडं. देशानं ज्यांना पोसलं नाही त्यांच्याच पोरांनी देशाची लाज राखली. परदेशात मुलं वाढवणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून काय वाटलं असेल, ते तुम्ही समजू शकता. असो.

आता त्या पिवळ्या शर्टातल्या पोराकडे वळू.

रोमानियाच्या पश्चिमेला, कार्पेथियन डोंगररांगांत झिऊ नदीचं खोरं आहे. कोळशाच्या खाणींचा मुलूख. त्यातलं मुख्य गाव पेट्रोशान. तिथला क्लब झिऊल, १९१९ साली स्थापन झालेला, खाणकामगारांचा. मोठ्या शहरांतल्या क्लबांपुढे तो नेहमी गरीबच, तरी १९७४ मध्ये त्यांनी रोमानियाचा राष्ट्रीय चषक जिंकून दाखवला होता. आपल्या गिरणगावातल्या एखाद्या संघानं मोठमोठ्या कंपन्यांच्या संघांना लोळवावं, तसं काहीसं. टिमोफ्तेची सुरुवात या झिऊलमधून झाली.

तिथून तो बुखारेस्टच्या डिनामोत गेला. त्या काळच्या रोमानियात दोनच क्लब खरे. स्टेआउआ लष्कराचा आणि डिनामो गृहखात्याचा. बाकीच्यांनी आपले चांगले खेळाडू या दोघांच्या हवाली करायचे, अशी रीतच होती. डिनामोला तेव्हा मिर्चा लुचेस्कूसारखा प्रशिक्षक होता. १९८९-९० च्या हंगामात डिनामोनं लीग आणि राष्ट्रीय चषक दोन्ही जिंकले, आणि युरोपच्या चषकविजेत्यांच्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली. टिमोफ्ते या संघातला. म्हणजे जिनोआत पेनल्टी मारायला आलेला पोरगा कोणी लिंबूटिंबू नव्हता. त्या वर्षी आपल्या देशातल्या सर्वोत्तम संघात तो खेळत होता.

आणि हंगाम कसा? स्पर्धा चालू असतानाच डिसेंबर १९८९ मध्ये क्रांती झाली. २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, चाउशेस्कूला गोळ्या घातल्या. रस्त्यावर माणसं मेली होती. त्यानंतर सहा महिन्यांत हे खेळाडू विश्वचषकासाठी इटलीला उतरले. पहिल्याच सामन्यात त्यांनी सोव्हिएत संघाला २-० असं हरवलं. त्या निकालाला त्या वर्षी काय अर्थ होता, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा सामना १४ जूनला, कॅमेरूनशी. रॉजर मिला कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन नाचला, ते आठवतंय? दूरदर्शनवर पाहिलेल्या त्या विश्वचषकातलं मला तेवढंच लख्ख आठवतं. त्यातले दोन गोल त्यानं रोमानियावरच केले होते. त्याच दिवशी तिकडे बुखारेस्टमध्ये झिऊ खोऱ्यातले खाणकामगार हजारोंच्या संख्येनं दाखल झाले. नव्या सरकारविरुद्ध चौकात बसलेल्या विद्यार्थ्यांना आणि निदर्शकांना हुसकावण्यासाठी त्यांना बोलावून घेतलं होतं. हातात दांडकी, डोक्यावर खाणीतले दिवे. त्यांनी जी मारहाण केली ती रोमानियन लोक अजून विसरलेले नाहीत.

"आमच्या खोऱ्याची ओळख देशाला दोनच गोष्टींनी आहे," आमचा तंत्रज्ञ मला म्हणाला. "ती दांडकी आणि ही पेनल्टी. दोन्ही एकाच महिन्यातल्या."

मग त्यानं तिसरी गोष्ट सांगितली. ऑगस्ट १९७७ मध्ये, चाउशेस्कूचा दरारा ऐन भरात असताना, याच खोऱ्यातल्या हजारो खाणकामगारांनी लुपेनीच्या खाणीवर संप केला होता. खुद्द चाउशेस्कूला यावं लागलं होतं. कबूल केलेल्यातलं काही मिळालं, पण पुढाऱ्यांना नंतर एकेक करून हलवलं, त्रास दिला. "तेव्हा वर्तमानपत्रात एक ओळ छापून आली नाही," तो म्हणाला. "१९९० चे फोटो मात्र जगभर गेले." नंतर १९९७ पासून खाणीतून माणसं मोठ्या संख्येनं कमी झाली, आणि २०१५ साली पेट्रिलाची जुनी खाणही बंद झाली. गिरणगावचं जे झालं ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे यावर अधिक काय बोलू? तोही त्यातूनच इकडे आला.

पेनल्टीनंतर टिमोफ्ते संपला का? मुळीच नाही. क्रांतीनंतर रोमानियन खेळाडूंना परदेशाचे दरवाजे उघडले होते. हाजी रेआल माद्रिदला गेला, पोपेस्कू हॉलंडला, रादुचोयू इटलीला. टिमोफ्ते जर्मनीत बायर युर्डिंगेनकडे गेला, मग काळ्या समुद्राकाठच्या तुर्कस्तानातल्या सॅमसनस्पोरकडे. तीन देशांत तो व्यावसायिक फुटबॉल खेळला. भाषा शिकायची, बिऱ्हाड हलवायचं, नव्या प्रशिक्षकापुढे पुन्हा स्वतःला सिद्ध करायचं. परदेशी नोकरी करणाऱ्या कोणालाही हे सगळं ओळखीचं वाटेल. १९९४ च्या विश्वचषकाला गेलेल्या रोमानियाच्या संघात मात्र तो नव्हता. त्या संघानं अर्जेंटिनाला हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनकडून हार पत्करली. कशी? पेनल्टी शूटआउटमध्ये! तिथे पेट्रेस्कू आणि बेलोदेदिच हे दोघे चुकले.

पण पेट्रेस्कू म्हटलं की लोकांना त्याची चेल्सीतली वर्षं आठवतात. बेलोदेदिच म्हटलं की दोन वेगवेगळ्या क्लबांकडून जिंकलेला युरोपियन चषक आठवतो. मोठ्या माणसाची चूक त्याच्या चरित्रात एका ओळीची होते. साध्या माणसाची चूक हेच त्याचं चरित्र होऊन बसतं.

आपल्याकडचा चेतन शर्मा आठवा. १८ एप्रिल १९८६, शारजा. शेवटच्या चेंडूवर चार हवे होते आणि मियाँदादनं षटकार मारला. माझ्या वडिलांनी रेडिओ बंद केला तो आवाज मला अजून आठवतो. त्याच चेतन शर्मानं त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमच्या कसोटीत दहा बळी घेतले. आणि ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी आपल्या नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकातली पहिलीवहिली हॅटट्रिक घेतली, तिघांचेही दांडके उडवून. त्या दिवशी गावसकरनं एकदिवसीय सामन्यातलं आपलं एकमेव शतक केलं, म्हणून नागपूरची आठवण काढणारेही आधी गावसकरचं नाव घेतात. चेतन शर्मा म्हटलं की शारजाच.

बरं, हे फक्त हरणाऱ्याच्याच वाट्याला येतं असं नाही. जिंकवणाऱ्या ओ'लिअरीनं आर्सेनलसाठी ७२२ सामने खेळले, हा त्या क्लबचा विक्रम आहे. पण आयर्लंडमध्ये त्याची ओळख एका किकची. त्याआधी चार्लटननं त्याला जवळजवळ अडीच वर्षं संघाबाहेर ठेवलं होतं, कारण कुटुंबाबरोबर ठरलेली सुट्टी रद्द करून तो दौऱ्यावर आला नाही. हे कोणाला आठवतं? रोमानियाचा हेल्मुट डुकाडाम तर विलक्षणच. १९८६ च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात त्यानं बार्सिलोनाच्या चारही पेनल्ट्या अडवल्या आणि स्टेआउआला चषक मिळवून दिला. पुढे हाताच्या रक्तवाहिनीचा विकार निघाला आणि त्याची मोठी कारकीर्द तिथेच थांबली. २०२४ मध्ये तो वारला तेव्हा सगळ्यांनी एकच रात्र आठवली. त्या रात्री स्टेआउआचा प्रशिक्षक होता एमेरिक येनेई, आणि चार वर्षांनी जिनोआत रोमानियाचा प्रशिक्षकही तोच! एका शूटआउटनं त्याला युरोपच्या शिखरावर नेलं, दुसऱ्यानं घरी पाठवलं.

आणि आयरिश लोक आपल्या माणसांच्या बाबतीत किती उदार असतात, तेही पाहा. १९९४ च्या विश्वचषकात हॉलंडच्या योंकचा एक साधा फटका याच पॅकी बॉनरच्या हातातून निसटून गोलमध्ये गेला आणि आयर्लंड बाहेर पडलं. म्हणून त्याला कोणी त्या चुकीच्या नावानं ओळखत नाही. ३० एप्रिल १९९७ ला बुखारेस्टमध्ये रोमानियाविरुद्धच आयर्लंडला पेनल्टी मिळाली होती. मारली रॉय कीननं आणि ती अडवली गेली. सामना ०-१ असा हरला. मी कँटीनमध्ये विचारून पाहिलं, एकालाही हे चटकन आठवेना. २००२ मध्ये स्पेनकडून तर आयर्लंड शूटआउटमध्येच हरलं, तिघे चुकले. त्या तिघांबद्दल इथे आजही हळवेपणानंच बोलतात.

मी हे दोष म्हणून सांगत नाही. आपणही तेच करतो. मियाँदादच्या देशात तो षटकार हा सण आहे आणि त्या चित्रफितीतला गोलंदाज निव्वळ नेपथ्य. आपल्या सणात दुसऱ्याचा सगळ्यात वाईट दिवस लपलेला असतो, एवढं लक्षात असलं तरी पुरे. टाळ्या वाजवू नयेत असं नाही. नाव तरी माहीत असावं.

आता शीर्षकाबद्दल. खेळणं संपल्यावर टिमोफ्तेनं पेट्रोशानमध्ये एक बार उघडला. नाव ठेवलं 'पेनल्टी'.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं, मग वाईट वाटलं. शेवटी कळलं की या सगळ्या गोष्टीत हीच एक खेळी त्यानं स्वतः ठरवून खेळली आहे. विचार करा, खाणकामगारांचं छोटं गाव. प्रत्येकाला माहीत आहे तू कोण आहेस. तू बारचं नाव 'कार्पेथियन' ठेव नाहीतर 'डिनामो' ठेव, दुसऱ्या घोटाला कुणीतरी तो विषय काढणारच, आणि पाठीमागे तर नक्कीच. मग ती पाटी आपणच दारावर लावलेली काय वाईट? आत येणाऱ्यानं काय बोलायचं ते बोलावं, पण यजमान मी. आयरिश पत्रकार त्याला शोधत वर्षानुवर्षं येत राहिले, आणि विषय अर्थातच एकच.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणतो आहे, तेही सांगून टाकतो. २००७ साली माझ्या हातून एक चूक झाली. व्हॉल्व्हच्या प्रोग्रॅममध्ये एका आकड्याचा दशांश चिन्हाच्या जागी घोळ झाला, तपासणीत मलाही दिसला नाही, आणि एक अख्खी बॅच फेकून द्यावी लागली. कुणाला इजा झाली नाही, नोकरीही गेली नाही. पण पुढची कित्येक वर्षं नव्या माणसाशी माझी ओळख करून देताना कोणीतरी गालातल्या गालात हसत म्हणायचं, "हाच तो, बॅचवाला." त्याआधीची आणि नंतरची माझी कामं बिनबोभाट चालू होती, म्हणूनच ती कोणाला दिसत नव्हती. मी त्या हसण्यावर हसायचो आणि घरी येऊन बायकोशी उगाच चिडचिड करायचो. मुंबईला फोनवर आईला तर हे कधी सांगितलंच नाही.

टिमोफ्तेच्या बारबद्दल वाचल्यावर मी एक केलं. आमच्याकडे नवीन इंजिनियर रुजू झाले की त्यांना पहिल्याच दिवशी मी स्वतःच ती गोष्ट सांगतो. आकडा कोणता होता, काय असायला हवा होता, मी कुठे पाहिलं नाही, बॅच कशी गेली. फळ्यावर लिहून सांगतो. सुरुवातीला जीभ जड व्हायची. आता होत नाही. आणि गंमत म्हणजे 'बॅचवाला' म्हणणारे हळूहळू गप्प झाले, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही. मागच्या वर्षी एका पोरीनं आपल्या प्रोग्रॅममध्ये तसलाच घोळ वेळेवर पकडला आणि धावत मला सांगायला आली.

तो तंत्रज्ञ आता निवृत्त होऊन गावी परत गेला. मागच्या जूनमध्ये कँटीनमध्ये पुन्हा ती चित्रफीत लागली. बॉनरनं झेप घेतली, टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. मग शेजारच्या नव्या पोरानं विचारलं, "कोण होता हो तो मारणारा?"

"डॅनिएल टिमोफ्ते," मी म्हणालो. "बैस, सांगतो. पेट्रोशान नावाचं एक गाव आहे..."